आवडण्याची शिकवणी

मुलीने पाण्याचा ग्लास उचलला. मुलानेही उचलला. तिने घोटभर पिऊन ठेवला. त्यानेही ठेवला. ती खुर्चीत मागे टेकली, तोही टेकला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. हे असं चाललंय, असं त्या नजरेत होतं.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मी नागपुरातल्या एका विवाह मंडळात समुपदेशक म्हणून बसते. लग्न ठरत आलेल्या मुलामुलींशी बोलायचं आणि कुठे अडतंय ते पाहायचं, एवढंच काम. या दोघांचं रविवारी साक्षगंध होतं. इतरत्र त्याला साखरपुडा म्हणतात. मुलीला आपण प्राजक्ता म्हणू. शहराच्या कडेला बेसाला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगा निखिल सावनेरकडचा. घरची संत्र्याची बाग, आणि माल घेऊन नागपुरात कळमन्याच्या घाऊक मार्केटला तोच जातो. प्राजक्ताच्या मनात नकार होता. कारण मात्र तिला सांगता येत नव्हतं आणि कारणाशिवाय घरचे ऐकणार नव्हते.

मंडळाचे संचालक घाटोळे साहेब आधीच बजावून गेले होते.

"मॅडम, हॉल बुक आहे, आचारी सांगून झाला. तुम्ही फक्त पोरीची शंका काढा."

"शंका खरी असली तर?"

"खरी असली तरी काढा."

मी निखिलला बाहेर बसायला सांगितलं.

"त्याच्यात खराब काहीच नाही मॅडम," प्राजक्ता म्हणाली. "मी जे म्हणते ते त्यालाही आवडते. मी मुद्दाम सांगितलं, मला कारलं फार आवडते. तर त्यालाही लहानपणापासून आवडते म्हणे."

"आणि तुम्हाला?"

"मी कारल्याला हात लावत नाही. भेटून घरी आली की वाटते, आज मी एकटीच बसली होती."

नंतर निखिलला आत घेतलं. हे सगळं कुणी शिकवलं, असं सरळच विचारलं. तो बुटांकडे पाहू लागला. शिकवणी आमच्याच मंडळाची निघाली. वरच्या मजल्यावर 'आकर्षणाचे विज्ञान' नावाची कार्यशाळा होते. टाय लावलेले सर, प्रोजेक्टर आणि शेवटी प्रमाणपत्र. प्रेमात पास झाल्याचा तेवढा एकच कागद मी आजवर पाहिला आहे.

"सर म्हणाले, समोरची करते तसं करत राहायचं. मिररिंग म्हणतात त्याले. आवडीनिवडी मॅच करायच्या. मी तर सगळं बरोबर करून राहिलो जी. मग तिले काहून नाही जमून राहिलं?"

सरांनी सांगितलेलं खोटं नव्हतं, उलटं होतं. दोन माणसं एकमेकांना आवडू लागली की त्यांच्या हालचाली नकळत जुळतात. म्हणून हालचाली जुळवल्या की माणूस आवडू लागतो, असं नव्हे. ताप आला की अंग तापतं. चुलीजवळ बसून कुणी ताप आणू शकत नाही. सारख्या आवडी माणसांना जवळ आणतात हेही खरं, पण त्या आवडी असाव्या लागतात. आणखी एक गोष्ट आहे. आपण ज्याला आवडतो, तो बहुधा आपल्यालाही आवडू लागतो. पण त्याला नेमकं आपल्यातलं काय आवडलं, हे कळावं लागतं.

"तुम्हाला ती आवडते?" मी विचारलं.

"आवडते ना जी."

"काय आवडतं तिच्यातलं?"

त्याने बुटांवरून नजर उचलली. "ती आधी विचार करते, मग बोलते. मले ते जमत नाही. मी तडकतो."

"हे तिला सांगितलंत?"

"नाही. वीक साइड दाखवायची नाही म्हणाले सर."

मी दोघांना एकत्र बसवलं. भेटायच्या जागेची चौकशी केली. आधी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातला सोफा, नंतर एसी कॅफे. दर वेळी समोरासमोर, म्हणजे दर वेळी तोंडी परीक्षाच. मी म्हटलं, आता कॅफे नको. निखिल माल घेऊन येईल त्या सकाळी प्राजक्ताने कळमन्याला जावं.

"तिथं?" निखिल घाबरला. "तिथं लय धूळ असते जी."

"बाबांना काय सांगू?" प्राजक्ताने विचारलं.

"संत्री आणायला जाते म्हणून सांगा."

शुक्रवारी दोघं मार्केटवरून थेट माझ्याकडे आले. निखिलच्या शर्टावर डाग होते आणि चेहरा पडलेला होता.

"सगळं बिघडलं मॅडम. एक व्यापारी माल बारीक आहे म्हणून भाव पाडून राहिला होता. मी तडकलो. लिलाव होईपर्यंत ही उभी आहे हेच विसरलो."

"अर्धा तास," प्राजक्ता म्हणाली. "अर्धा तास माझ्याकडे बघितलंही नाही."

"सॉरी म्हटलं ना वं."

"मी कुठं तक्रार करून राहिली? सांगून राहिली." ती माझ्याकडे वळली. "मॅडम, त्या व्यापाऱ्याला असं बोलला की तोच हसायला लागला. मग मी म्हटलं, बारीक संत्री वेगळी काढून ठेवत जा, तर मला म्हणते, तुले काय समजते यातलं."

"मग?"

"मग भांडलो," निखिल म्हणाला. "चहा थंड झाला. पण तिचं बरोबर होतं. मी विचार न करता बोललो. ते तिले सांगितलं. तिचं हेच आवडते, तेही सांगितलं."

प्राजक्ता खिडकीबाहेर पाहत होती, पण हसू तिला लपवता येत नव्हतं.

रविवारचं साक्षगंध मात्र झालं नाही. नकार नाही, पण घाई नको, असं तिने वडिलांना स्वतः सांगितलं. घाटोळे साहेबांनी काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मधल्या काळात प्राजक्ता सुट्टीच्या दिवशी कळमन्याला जात राहिली. संत्र्यांचा हंगाम संपता संपता तिनेच होकार कळवला आणि त्याच हॉलमध्ये साक्षगंध झालं.

पंगतीत साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. "मॅडम, तुमची आयडिया भारी आहे. मंडळातर्फे कळमना दौरा काढू. चहा-नाश्ता आपला. वरच्या सरांना सांगतो, पोरांना आधी तयारी करून देतील. कसं तडकायचं, कसं भांडायचं."

मी वरण वाढून घेतलं आणि त्यांना म्हटलं, दौरा जरूर काढा, पण सरांना घरी ठेवा. ते खर्चाचा हिशेब मांडत होते. वाक्याचा दुसरा भाग त्यांनी ऐकला की नाही, मला अजून कळलेलं नाही.