पोर शहाणी झाली

माझ्या धाकट्या बहिणीला पिंपळीत कुणी भोळी म्हणायचं, कुणी देवाचं लेकरू. डाऊन सिंड्रोम हा शब्द आमच्या घरात ती तिशीला आल्यावर शिरला, तोही थायरॉईडच्या गोळ्यांबरोबर. देवाचं लेकरू म्हणणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. लेकरू देवाचं, आणि हागणं-मुतणं काढायचं आईनं!

पोरगी हट्टी. रानातली मेथी आली की जुड्या तिनंच बांधायच्या. दुसऱ्या कुणी हात लावला की बोंब ठोकून आळी गोळा करायची. वरातीत नवरदेवापुढं नाचायलाही हीच पहिली. आईला एकच घोर होता. मी इंदापूरहून माहेरी गेले की म्हणायची, "मी गेल्यावर ही दारोदार 'आई कुठं' इचारत हिंडंल. तिला कोण काय सांगंल?"

"मी हाय की," मी म्हणायचे. त्यानं तिचं समाधान व्हायचं नाही.

गेल्या वर्षी धाकटी गप्प झाली. हट्ट सुटला, नाच सुटला. चुलती म्हणाली, "पोर शहाणी झाली गं!" आम्हालाही ते गोड वाटलं. चाळिशी उलटल्यावर का होईना, अक्कल आली म्हणायची. आईनं तर देवळात नारळ फोडला.

मग ती बांधलेली जुडी सोडून पुन्हा बांधायला लागली. घरातल्या घरात मोरीची वाट चुकली. मी तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी थायरॉईड बघितला, कान तपासले. यातलं काही असेल तर इलाज आहे, म्हणाले. तपासणीत काहीतरी निघू दे, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडले. काही निघालं नाही. आणखी खेपा झाल्या, तेव्हा ते हळूच बोलले, "या मुलांना म्हातारपण लवकर गाठतं. विसरायचा आजार चाळिशी-पन्नाशीतच धरतो. ती गप्प झाली, तीच सुरुवात असावी."

त्या नारळाची मला भयंकर चीड आली.

आता आई सत्तरी ओलांडलेली, पण ठणठणीत. भावकीतल्या सगळ्या सुनांची माहेरं तिला पाठ. आणि लेक तिच्याआधी म्हातारी झालेली. परवा ओसरीवर दोघी मेथी घेऊन बसल्या होत्या. धाकटीनं आईच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आई कुठं हाय?"

मी काही बोलणार, तोच आईनं मला हातानं थांबवलं. मग म्हणाली, "रानात गेलीया. यील आता. तवर मी बसू का तुझ्याजवळ?"

धाकटीनं शेजारचा पाट पुढं सरकवला.

"बसा," म्हणाली.

जन्मात तिनं आईला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.