रोमिंग बंद ठेवायला सांगितलं, आणि बायकोचा फोन मुका

मंडळी, आज सकाळी बायको पहिल्यांदाच एकटी सिंगापूरला उतरली. न्यायला आलेली मुलगी चुकून दुसऱ्या टर्मिनलवर थांबलेली, आणि हे आईला कळवावं तर फोन लागेना. इथे धायरीत माझा जीव टांगणीला. प्रवासाचं ई-सिम मीच टाकलं होतं, सगळ्या सूचना स्वतः वाचून.

अखेर कुणाच्या तरी हॉटस्पॉटवरून तिचा कॉल आला.

"अहो, तुमचं सिम चालत नाही."

"डेटा रोमिंग बंद आहे ना?"

"बंदच आहे. तुम्हीच दहादा बजावलंत!"

तेव्हा उलगडा झाला. बंद ठेवायचं ते आपल्या नेहमीच्या सिमचं रोमिंग. प्रवासाच्या ई-सिमला ते बहुधा चालूच लागतं, आणि प्रीपेड असल्यामुळे वेगळं बिल येत नाही.

तिला ई-सिमचं रोमिंग चालू करायला सांगितलं. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, "लेक भेटली. आता हेही लिहा ग्रुपवर, बारकाव्यांसकट."

लिहिलं.