पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची

अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या कृष्णवर्णीय आजींनी यंदा मला जूनटीन्थला, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या गुलामगिरीतून सुटकेच्या दिवशी, पार्कमध्ये बोलावलं. मी मराठी मंडळात मुरलेला माणूस. माइक दिसला की दोन शब्द बोलणारच. पाठिंब्याचं भाषण लिहून खिशात ठेवलं आणि गेल्या गेल्या विचारलं, “मी कधी बोलू?”

“आधी खुर्च्या लाव,” आजी म्हणाल्या. “पुढची मधली रिकामी ठेव.”

राग आला, पण लावल्या. मधली प्रमुख पाहुण्यांसाठी असणार, असं मी धरून चाललो.

मग एकेक जण उठून आपल्या पूर्वजांची नावं वाचू लागला. शेवटी आजी उठल्या. त्यांच्या पणजीच्या आईचं नाव कुठेच सापडलं नव्हतं. मालकाच्या गुलामांच्या यादीत होतं तेवढंच त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाचलं, “बाई. वय तीस.”

सगळे उभे राहिले, कडेवरच्या पोरांना घेऊन. आजींनी माइक माझ्यापुढे धरला. मी नको म्हणून मान हलवली.

प्रमुख पाहुण्या केव्हाच आल्या होत्या. त्यांच्यापुढे मी काय बोलणार?