आले की आणले

मी बहारीनला निघाले तेव्हा आई रडली नाही. तिने ड्रायव्हरची चौकशी केली. गाडी एजंटने पाठवलेली होती, आणि एजंटने पाठवलेली कुठलीही गोष्ट आईच्या हिशेबी सरळ असणं शक्य नव्हतं. तिने आधी गाडीचा नंबर वाचला, मग ड्रायव्हरला त्याचं गाव विचारलं, मग त्याला चहा दिला आणि तो चहा कसा पितो ते बघत बसली. वसईतल्या आमच्या वाडीत निरोप द्यायला अख्खी आळी जमली होती. कुणी सुके बोंबील आणले, कुणी केळी वाळवून केलेली सुकेळी. फादरांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पासपोर्ट तिकडं कोण ठेवणार?"

"माझ्याकडंच राहील."

"असं ते बोलले, का तूच बोलतेस?"

मी गाडीत बसले. गाडी सुटली तेव्हा ती फाटकात उभी होती. मी काचेतून हात हलवत राहिले, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती ड्रायव्हरच्या मानेकडे बघत होती.

संशय आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. दागिने, जमीन यातलं फारसं काही माझ्या वाट्याला आलं नाही, हा मात्र भरपूर आला. नोकरीही त्याला साजेशीच मिळाली. मी लॅब टेक्निशियन आहे, मनामातल्या एका हॉस्पिटलात लोकांचं रक्त तपासते. माणूस म्हणतो मी साखरेला हातही लावत नाही, आणि त्याचं रक्त माझ्या मशीनपाशी येऊन वेगळंच सांगतं. तेव्हा तिकडे वसईत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं विमानात बसून पांगलेल्यांनो, मी जे सांगते ते तुम्हीही तपासून घ्या.

पहिली काही वर्षं मी इथे सगळ्यांवर संशय घेतला. झिंजमधल्या फ्लॅटची किल्ली मिळाली आणि त्याच संध्याकाळी समोरच्या जैनबभाभी सांदणांचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या रत्नागिरीच्या, नवऱ्याचं मीना सलमान बंदरावर गोदाम. मी ताट घेतलं, दार लावलं आणि नवऱ्याला म्हटलं, "विल्सन, हिला काय हवं असेल?" विल्सन अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्ट करतो. तो तेव्हा झोपेत होता. म्हणाला, "ताट परत हवं असेल." भाभींना काय हवं होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांना मराठीत बोलायला कुणीतरी हवं होतं. दिवसभर हिंदी बोलून जीभ आंबते, म्हणायच्या.

आता मीही तशीच झाले आहे. कामावर इंग्रजी, वॉचमनशी हिंदी, आणि मधूनमधून अरबीतलं खलास, यल्ला, मफी मुश्कील, म्हणजे संपलं, चला, काही अडचण नाही. मराठी उरली आहे ती विल्सनशी भांडायला आणि आईशी फोनवर बोलायला. माझी मुलगी एलिना मराठी सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. मराठीत तोंड उघडलं की ती वाक्याची मोडतोड करते, आणि आम्ही हसतो, म्हणून ती आणखी कमी बोलते. त्यात चूक आमचीच.

गेल्या वर्षी आई वाडीत पडली. नागवेलीच्या मांडवाकडे जाताना पाय घसरला, आणि शेजारच्यांना कळेपर्यंत ती तिथेच होती. हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून मी तिला रोज दोनदा फोन करू लागले. पप्पा गेलेले, मी एकुलती एक. मी ठरवून टाकलं, आईला इथे आणायचं आणि परत पाठवायचं नाही.

तिला तसं सांगितलं असतं तर ती आलीच नसती. म्हणून मी म्हटलं, ये थोडे दिवस, नातीबरोबर राहा. रिटर्न तिकीट काढलं, पण ते नावापुरतं, इमिग्रेशनला दाखवायला. ती आल्यावर फॅमिली व्हिसाचं बघणार होते. वाडीचं काय करायचं ते चुलतभावाशी बोलून ठेवलं होतं. विल्सन म्हणाला, "सांगून टाक की सरळ. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" मी म्हटलं, "तू माझ्या आईला ओळखत नाहीस." तो म्हणाला, "तीच तुला ओळखत असेल."

त्याच सुमाराला एलिनाला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, त्यामुळे वसईच्या आईबापांची पोर बहारीनमध्ये बसून कॅलिफोर्निया शिकते. स्पॅनिश लोक जहाजांतून त्या किनाऱ्याला कसे लागले, मग पाद्री आणि शिपाई येऊन त्यांनी एकामागून एक मिशनं कशी वसवली, त्यातल्या एका मिशनची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची. देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), अंगण, घंटा, गुरांचा गोठा. मी पुस्तक चाळलं आणि माझ्यातली टेक्निशियन जागी झाली. सगळं फारच स्वच्छ होतं. पाद्री प्रेमळ, शेतं हिरवी, आणि तिथले मूळचे लोक 'मिशनमध्ये राहायला आले'. एवढंच वाक्य. आपली गावं, आपली नदी, आपले देव सोडून माणसं उठतात आणि दुसऱ्याच्या भिंतीआड राहायला येतात, आणि का, ते कुणीच लिहीत नाही? इथे पाणी मुरतंय, असं मला वाटलं.

वाटणारच. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडे स्पॅनिश नव्हते, पोर्तुगीज होते, पण गोष्ट तीच. जहाज, किल्ला, पाद्री, घंटा. शाळेत असताना वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "तुमच्या विहिरीत पाव टाकला म्हणून तुम्ही बाटलात ना?" पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायलं, आणि गाव एका दिवसात ख्रिस्ती झालं, ही गोष्ट तिने घरी ऐकली होती. मी रडत घरी आले. आई मासे साफ करत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पाव त्यांनी टाकला असंल. पण पाणी प्यायल्यावर ज्यांनी आपल्याला घरात घेतलं नाय, ते कोण होते, विचार तिला." मला तेव्हा ते कळलं नाही. आईचा संशय एका बाजूला कधीच उभा राहत नाही, एवढं मात्र तेव्हापासून ठाऊक आहे.

आई आली. विमानतळावर तिने पहिल्यांदा माझा पासपोर्ट कुठे असतो ते विचारलं. मी कपाटातला काढून दाखवीन म्हटलं, आणि घरी आल्यावर तिने खरंच बघितला. एसी तिला सोसेना, पाण्याची चव आवडेना, आणि दुकानातल्या पापलेटाचे डोळे बघून ती म्हणाली की ह्याला मरून आपल्या वयाएवढी वर्षं झालीत. पण एलिनाला मांडीवर घेऊन बसली की तिचा चेहरा असा मऊ व्हायचा की मी मनात म्हणायचे, रुळतेय. राहील. एका शुक्रवारी आम्ही तिला किल्ला दाखवायला नेलं. टॅक्सीवाले अजून त्याला पोर्तुगीज फोर्टच म्हणतात. तटावर उभी राहून तिने समुद्राकडे बघितलं, बुरुजाचे दगड हाताने चाचपले.

"हे इथंपण आलेले?" ती म्हणाली.

"हो. मग इथूनही त्यांना हाकललं."

"बघ. आणि आपण म्हणतो आपणच लांब आलो." परत येताना ती गाडीत वसईच्या किल्ल्याबद्दल, तिथल्या चिंचांबद्दल बोलत राहिली. मला वाटलं, जुळतंय. आता एकदोन आठवड्यांत सांगता येईल.

पण जैनबभाभींना मी सगळं सांगून ठेवलं होतं, आणि त्या माझ्या आधी पोचल्या. त्या आईला भेटायला आल्या, दोघींची गट्टी जमली, मासे कसे खारवावे यावर वाद झाला. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा भाभी आईचा हात हातात धरून म्हणत होत्या, "आता काय, कायमच्याच हय ना तुम्ही? बरा झाला. मलाही सोबत."

मी ट्रे टेबलावर ठेवला. आईने भाभींकडे बघितलं, मग कपाकडे. "चहा घ्या, निवतो," एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी तिने विषय काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल. स्वतःला असं समजावणाऱ्या माणसाचं रक्त मी तपासलं असतं तर त्यात काय निघालं असतं, देव जाणे.

पुढच्या शुक्रवारी दुपारी एलिना जेवणाच्या टेबलावर मिशन चिकटवत बसली होती. आई तिच्या शेजारी, मी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत. आईने विचारलं, "ही चाळ कोणाची?" ती मूळच्या लोकांच्या राहण्याची जागा होती. एलिनाने आजीसाठी म्हणून मोठ्या कष्टाने मराठी जुळवली.

"आजी, प्रीस्ट आले. मग ते नेटिव्ह लोकांना इथे आले."

"लोकांना आले नाय गो. लोक आले."

"हां. लोकांना आले."

"बाय माझी, नीट सांग. लोक आले, नायतर लोकांना आणलं. दोनातलं काय?"

एलिना गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. "व्हॉट्स द डिफरन्स?"

आई हसली नाही. "जो आला, तो उठून जाऊ पण शकतो," ती म्हणाली. "ह्यांना जाता यायचं का परत, आपल्या गावाला?"

एलिनाने पान उलटून बघितलं. पुस्तकात ते नव्हतं, पण शाळेच्या लायब्ररीतून तिने आणखी एक पुस्तक आणलं होतं, त्यात होतं. तिने ते इंग्रजीत वाचलं आणि मी दारातूनच मराठी करून सांगत गेले, कारण आई माझ्याकडे बघत थांबली होती. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. कुणी पळून गेलं तर मागे शिपाई जात आणि धरून आणत. बरेच जण आजाराने तिथेच मेले.

"आधी जेवायला घातलं असंल," आई म्हणाली. "आधी पोटोबा, मग विठोबा. आपल्याकडं पण तसंच." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तसाच साधा प्रश्न, ड्रायव्हरला विचारला होता तसा. "आणि मी, बाय? मी आले का मला आणलंस?"

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी खोटं बोलू शकले असते, पण तिच्यापुढे ते कधी टिकलेलं नाही. "आणलं," मी म्हटलं. "तिकीट दाखवायपुरतं होतं. तुला परत पाठवणार नव्हते."

"माहीत हाय."

"भाभी बोलल्या म्हणून?"

"भाभी कशाला? वसईला फोन आला तेव्हाच. तू सारखं बोलत होतीस, थोडेच दिवस, थोडेच दिवस. खरं बोलणारा एकदाच बोलतो."

"मग आलीस कशाला?"

"बघायला," आई म्हणाली. "तू मला विचारतेस का ते."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या हेतूंची चाळणी करत बसले होते, भाभींच्या, एजंटच्या, त्या स्पॅनिश पाद्र्यांच्या. मी तिचं भलंच बघत होते, आणि मला खात्री आहे, त्या पाद्र्यांनाही आपण तसंच करतोय असं वाटत असणार. मी मेथी खाली ठेवली, तिच्या समोर बसले आणि पहिल्यांदा विचारलं.

"आई, इथे राहशील का?"

तिने विचार केला, खरंच केला. एलिनाच्या केसांवरून हात फिरवला, खिडकीबाहेरच्या बिल्डिंगांकडे बघितलं. मग म्हणाली, "नाय." आणि लगेच, "मेथीत डाळ घालणार की नाय तू?"

विल्सन म्हणतो माझा चेहरा तेव्हा पडला होता. मला तसं आठवत नाही. मी मेथीची जुडी पुन्हा उचलली, एवढं आठवतं. आम्ही मेथी केली, आईने डाळ घातली, आणि मला पहिली भाकरी वाढली. एलिनाने प्रोजेक्टमध्ये 'आले' च्या जागी 'आणले गेले' असं इंग्रजीत लिहिलं. शाळेतल्या बाईंनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. आईचं म्हणणं, बाई चांगली दिसते, विचारते तरी.

आई ठरलेल्या तारखेला परत गेली. वाडीतली पुढची खोली तिने आता नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला दिली आहे, अर्थात त्या मुलीच्या आईची, मावशीची आणि तिच्या चर्चच्या पॅरिशची पूर्ण चौकशी करून. ती पुन्हा पडेल का ही भीती मला रोज असते. फोन उचलायला उशीर झाला की माझा जीव वरखाली होतो. ती भीती मी आता तिच्या परवानगीने बाळगते.

इथे रांगेत, लिफ्टमध्ये, कामावर कुणी ना कुणी विचारतं, घर कुठलं तुमचं? पूर्वी मी सावध व्हायचे, ह्याला कशाला हवंय, म्हणून. वसई म्हणावं तर तिथे मी पाहुणी, झिंज म्हणावं तर व्हिसा संपला की खलास. पण त्या शुक्रवारी आईने मला तोंडावर नाही म्हटलं आणि त्याच हाताने भाकरी वाढली. तुम्ही कुठेही असा, वसईत, मस्कतला, टोरांटोला, एवढं तपासून बघा: जिथे नाही म्हटल्यावर जेवण थांबत नाही, तेच घर. माझ्या टेबलापाशी ते एकदा घडलं आहे, आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही.