पाहुण्यांना उठवणारं घड्याळ

संशय घ्यायलाही काही धरबंध असतो, असं पुण्याजवळ मारुंजीला राहायला येईपर्यंत मला वाटायचं. आमच्या घरमालकांनी तो समज पहिल्याच दिवशी मोडीत काढला. मी लातूरहून नोकरीसाठी आलेला साधा माणूस. खोली बघायला गेलो, तर त्यांनी आधी माझं ओळखपत्र उन्हात धरून बघितलं, मग मलाच उन्हात उभं करून बघितलं आणि म्हणाले, "फोटू तुमचाच हाय. पन हसताय कशापायी?" दूधवाल्यासमोर ते दुधाचा थेंब नखावर धरून बघतात. पंपावर आकड्याकडे न बघता पेट्रोल भरणाऱ्याच्या डोळ्यांत बघतात. लग्नाची पत्रिका आली की आनंद व्हायच्या आधी त्यांना प्रश्न पडतो, की ह्याला आपल्याकडून नेमकं काय पाहिजे? इतकं असून माणूस मनाने सोन्यासारखा. मला ताप आला तेव्हा गुडघा दुखत असताना दोन्ही वेळा मऊ भात घेऊन जिना चढून आले. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मात्र स्वतः वाचल्याशिवाय मला एकही गोळी घेऊ दिली नाही.

भाड्याच्या खोल्यांशेजारीच त्यांनी नवा बंगला बांधला, आणि मालकीणबाईंनी हट्ट धरला की प्रत्येक खोलीला शोभेलसं घड्याळ पाहिजे. शिकलेला माणूस बरोबर असला की दुकानदार दबून असतो, म्हणून मालकांनी मलाही गाडीवर घेतलं. दुकानात पाऊल टाकलं आणि ते दारातच थबकले. भिंतभर घड्याळं, आणि सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं! "सायेब," ते माझ्या कानाशी लागले, "येकजात समदी येकच टाइम सांगत्यात. आदीच ठरवून ठिवलंय ह्यांनी." दुकानात घड्याळं बंद ठेवून अशीच लावतात, असं मी सांगितलं, तर माझ्याकडेच निराळ्या नजरेने बघायला लागले. देवघरासाठी दुकानदाराने गणपतीच्या चित्राचं घड्याळ काढलं. "देवाच्या तोंडावरनं काटे फिरवता व्हय? न्हाई जमायचं." निजायच्या खोलीसाठी टिकटिक करणारं दाखवलं, तर म्हणे रातभर कुणीतरी अंगणात चालतंय असं वाटेल. मग बिनआवाजाचं दाखवलं. त्याला तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "आवाज न करता चालनाऱ्याचा काय भरवसा?" शेवटी त्या खोलीला टिकटिकणारंच घेतलं, निदान चाललंय हे कळतं म्हणून. हॉलसाठी मात्र लाकडी चौकटीचं, मोठ्या लोलकाचं घड्याळ त्यांना एकदम पटलं, कारण काचेआडून लोलक दिसत होता आणि त्याचा कारभार उघडा होता. स्वयंपाकघराची पाळी येईतो ते दमले. "तितं कशाला? भूक लागली की टाइम कळतोय." बिचाऱ्या मालकीणबाई तेव्हापासून कुकर लावून हॉलमध्ये वेळ बघायला यायच्या.

हॉलमधलं घड्याळ मालकांनी स्वतः टांगलं आणि अर्धा तास पुढे करून ठेवलं. इकडच्या जमिनींचे भाव चढल्यापासून त्यांच्याकडे माणसांची रीघ लागलेली. एजंट येतात, लांबचे पाहुणे येतात, बापजन्मात न पाहिलेले मावसभाऊ येतात. "पावना घड्याळाकडं बगतोय आन् आपसूक उटतोय. आपल्याला वाईट बोलाया लागत न्हाई," असं ते मला मोठ्या कौतुकाने सांगायचे. पुन्हा कुणी आलं की साक्षीला म्हणून मला खाली बोलवायचेच.

एका रविवारी असंच बोलावणं आलं. जाऊन बघतो तो काय, सोफ्याच्या कडेला एक म्हाताऱ्या बाई अंग चोरून बसलेल्या. मालकांची थोरली बहीण, जवळच्याच भरे गावात दिलेली. सगळे त्यांना आक्का म्हणतात. आई गेल्यावर मालकांना ह्याच आक्कांनी वाढवलं. बापाच्या जमिनीतला आपला वाटाही त्यांनी भावाला कधीच सोडून दिला होता. पण आता कुणीतरी आक्कांचे कान फुंकले असतील आणि त्या वाटा मागतील, हे मालकांच्या डोक्यात बसलं होतं. त्या भीतीने त्यांनी सख्ख्या बहिणीला वास्तुशांतीलासुद्धा बोलावलं नव्हतं. शेवटी आक्का आपल्या पायांनी आल्या होत्या. येताना आणलेलं पुडकं मालकांनी न उघडता कोपऱ्यात सरकवून ठेवलं होतं.

"गुडगा कसा हाय रं तुजा?" आक्कांनी विचारलं.

"हाय बरा."

आक्कांनी छताकडे बघितलं, खिडक्यांकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "बया! लई टाइम झाला की. निगते मी." मालक नुसतं "बरं" म्हणाले. आत चहा उकळत होता. मला इतकी लाज वाटली की मी चपलांकडे बघत बसलो.

चहा घेऊन मालकीणबाई बाहेर आल्या तेव्हा सोफा रिकामा. त्यांनी पुडकं फोडलं. आत एक छोटं, पिवळ्या फुलांच्या काठाचं घड्याळ होतं. बाई अशा कडाडल्या, की असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सयपाकघरात घड्याळ न्हाई, असं मी फोनवर बोलले हुते वो त्यास्नी! वाटा मागाया न्हाई आल्या त्या, घड्याळ द्याया आल्या हुत्या! आवो, आईच्या जागी हाय ती तुमाला!"

मालक उठले. चपला उलट्या-सुलट्या घालून म्हणाले, "सायेब, गाडी काडा."

आक्का बसथांब्यावर एकट्याच उभ्या होत्या. मालक माझ्या गाडीवरून धडपडतच उतरले. "आक्के, त्ये हालमदलं घड्याळ फुडं हाय. मीच केलंय."

आक्कांनी मनगट पुढे केलं. "मला काय कळंना व्हय रं? माज्या हातात बी घड्याळ हाय की. तुला मी उटाया पायजे हुती, म्हनून उटले."

मालक लहान पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले. "माघारी चल," म्हणाले. तेवढ्यात बस आली. "आता नगं, म्हशीची धार काडायची हाय," आक्का म्हणाल्या. "बोलावलंस तर भाऊबीजेला येते." एवढं बोलून त्या चढल्यासुद्धा. मालक बसच्या कडेने चार पावलं चालत गेले आणि खिडकीकडे बघून ओरडले, "न बोलावता ये!" ते आक्कांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

बस वळणाआड गेली तरी ते जागचे हलेनात. मी गाडी सुरू करून थांबलो. मग त्यांनी विचारलं, "येईल न्हवं वो ती?"

"येतील," मी म्हणालो.

कशावरून, हे त्यांनी विचारलं नाही.