एकभुक्त आणि तीन वेळच्या गोळ्या

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ श्रावण लागला. लग्नापासून श्रावणभर मी एकभुक्त राहते, दिवस मावळल्यावर एकदाच जेवते. यंदाही मोडायचं मनात आलं नाही. टाके मात्र दिवसेंदिवस जास्तच ठणकत होते, अंगात कणकण असायची. देव परीक्षा पाहतोय, कुरकुर करायची नाही, असं मी स्वतःला बजावत होते. पण खरं सांगते, आतून देवावर रुसले होते. इतकी वर्षं केलेली भक्ती गेली कुठे, असं वाटायचं.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. हट्ट करून यजमानांसोबत औंढ्याला गेले. नागनाथाचा गाभारा खाली आहे, अरुंद पायऱ्या वाकून उतराव्या लागतात. माझ्या पोटाला ते झेपणारं नव्हतं. यजमान उतरले आणि मी वर मंडपात खांबाला टेकून बसले. तिथूनच देवाला एकेक दुखणं सांगू लागले. भान सुटून आवाज मोठा झाला असावा.

गुडघ्यांमुळे वरच थांबलेली एक म्हातारी शेजारी बसली होती, आखाडा बाळापूरकडची. ती म्हणाली, "माय, हे समदं डॉक्टरला सांगितलंस का?"

"न्हाई. त्यांनी इचारलं की बरं हाय म्हणते."

"काहून? देवापाशी रडतीस अन् डॉक्टरपाशी हसतीस व्हय? गोळ्या तरी घेतीस का?"

"घेते की. तीन टाइम, जेवल्यावर."

"अन् श्रावणात जेवतीस किती टाइम?"

जेवण एकदा, म्हणून गोळ्याही एकदाच पोटात जात होत्या. हे ना माझ्या ध्यानात आलं, ना यजमानांच्या. त्यांना तर कपाळावरचा चष्मा सापडत नाही. म्हातारी म्हणाली, "आता मीच डॉक्टर हाय समज. बोल." कुठं दुखतं, कधीपासून, ताप कधी चढतो, सगळं तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर जीभ अडखळली, तरी मी एकभुक्तासकट सगळं सांगितलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं. टाक्याखाली पू धरला होता. तिथल्या तिथे जखम मोकळी केली. "आज बोललात म्हणून बरं झालं," ते म्हणाले.

मुकाट्यानं सोसणं म्हणजेच शरण जाणं, असं मी धरून बसले होते. त्या बाईला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. उरलेला श्रावण सकाळची भाकरी ताटात आली की हात जोडत होते आणि म्हणत होते, बा नागनाथा, तुझ्याच सांगण्यावरून मोडलंय, गोड मानून घे.