शेजारी ठेवलेली बॅग
कॅलेंडरवर अमावस्येचा काळा गोल दिसला की मला अकोल्यातलं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. चिखलदऱ्याला दोघांनीच जाऊन तारे बघायचे ठरले होते आणि गडद अंधार हवा म्हणून मी अमावस्या निवडली होती. "अमावस्येले कोनी घर सोडते काय वं?" सासूबाईंनी जेवताना विचारलं. नवरा ताटातली भाकरी कुस्करत राहिला. बेत मोडणार असं वाटून मीच कशीबशी म्हणाले, "चंद्र असला की तारे नीट दिसत नाहीत, आई." निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आमची बॅग उचलली आणि शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली. "बॅग घराबाहेर पडली, म्हंजे तुमी आजच निघाले. उद्या जा न मोजा तारे!" मुहूर्त मी अजूनही मानत नाही, पण बॅग आदल्या दिवशी शेजारी ठेवते.